स्वस्तात मिळणारा वापरलेला कॅमेरा चोरीचा तर नाही ना?

प्रश्न थोडक्यात असा आहे: एक फुल-फ्रेम बॉडी (म्हणजे मोठ्या सेन्सरचा, लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि सोबत २४-७० मिमीची झूम लेन्स, सेकंडहँड बाजारात जो भाव चालतो त्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात विकायला आहे. चार्जर नाही, बॉक्स नाही, बिल नाही. विक्रेता म्हणतो, "मला भेट मिळाला होता, मी वापरतच नाही." घ्यावा का? आणि तो चोरीचा आहे की नाही, हे घेण्याआधी कळणार कसं?

वापरलेले कॅमेरे आणि लेन्स तपासून घेणं, दुरुस्त करून विकणं हेच माझं काम आहे, आणि हा प्रश्न मला कॅमेऱ्याच्या तांत्रिक प्रश्नांइतकाच महत्त्वाचा वाटतो. ज्याचा कॅमेरा जातो त्याची फक्त वस्तू जात नाही. पोटापाण्याचं साधन जातं आणि कार्डवरचं न उतरवलेलं काम जातं, ते तर विम्यानेही परत येत नाही. म्हणून उत्तर जरा लांब देतो.

आधी भावाबद्दल, कारण सगळ्यांची नजर तिथेच अडकते. नुसत्या कमी किमतीवरून चोरी सिद्ध होत नाही. कॅमेऱ्याचे भाव झपाट्याने पडतात, पुढचं मॉडेल आलं की मागच्याचे आणखी पडतात. शटर मरायला आलेलं असतं, लेन्समध्ये बुरशी असते, विकणाऱ्याला गाव सोडायचं असतं, किंवा घरातला छंदिष्ट माणूस गेलेला असतो आणि मागे राहिलेल्यांना त्या वस्तूची किंमत ठाऊक नसते. पंधरा वर्षांपूर्वीचा डीएसएलआर मातीमोल भावात मिळाला तर त्यात संशय घेण्यासारखं काही नाही. पण सध्या जोरात मागणी असलेली बॉडी, चालू अवस्थेत, निम्म्याहूनही कमी भावात निघाली असेल तर त्याला कारण हवं, आणि ते कारण तुम्हाला पटायला हवं. तुलना करताना जाहिरातींमध्ये मागितलेले भाव धरू नका. प्रत्यक्ष सौदे ज्या भावाला होतात ते धरा, नाहीतर प्रत्येक सौदा संशयास्पद वाटू लागेल.

भावापेक्षा मला सोबत काय आहे आणि काय नाही हे जास्त बोलकं वाटतं. कॅमेरे बहुतेक वेळा बॅगसकट उचलले जातात: प्रवासात, कार्यक्रमाच्या गर्दीत, गाडीच्या मागच्या सीटवरून. बॅगेत काय असतं? बॉडी, एक-दोन लेन्स, जास्तीची बॅटरी, कार्डं, फिल्टर, फ्लॅश. घरी काय राहतं? चार्जर, बॉक्स, बिल, वॉरंटी कार्ड, माहितीपुस्तिका, कधीही न उघडलेला कंपनीचा पट्टा. आता तुमच्या विक्रेत्याच्या यादीकडे बघा. बॅगेतलं सगळं आहे आणि घरी राहणारं काहीच नाही, ही मांडणी दिसली की मी सावध होतो. चार्जर हरवू शकतो, बॉक्स रद्दीत जातो, बिल तर बहुतेकांकडे नसतंच. यातली एखादी गोष्ट नसणं अगदी साधं आहे. सगळ्या एकदम नसणं वेगळं. घरफोडीत मात्र बॉक्स आणि चार्जरही जाऊ शकतात, म्हणून बॉक्स हातात आला की निश्चिंत झालो असं मानू नका. त्यावरचा सिरीयल नंबर बॉडीवरच्या नंबराशी जुळवून बघा.

तुमच्या उदाहरणात तर विक्रेत्याचं म्हणणं आणि वस्तू यांचाच मेळ बसत नाही. न वापरलेली भेट म्हणजे सगळ्या सामानासकट कपाटात पडलेली वस्तू. तिचा चार्जर कुठे जाईल? बॉडी हातात घ्या. पकडीचं रबर गुळगुळीत झालंय का, फ्लॅशच्या खाचेवरचा रंग उडालाय का, तळाला ट्रायपॉडची प्लेट बसवून बसवून ओरखडे पडलेत का, हे पाहा. रोज काम केलेल्या कॅमेऱ्याचं अंग लपत नाही. शिवाय भेट म्हटली की देणारा कोणीतरी असतो, आणि बिल असलंच तर त्याच्याकडे असतं. "ज्यांनी दिला त्यांच्याकडून बिलाचा फोटो मागवता का?" एवढं साधेपणाने विचारा. खरी भेट असेल तर हे एका फोनचं काम आहे.

आता मुख्य गोष्ट. माझ्या मते सगळ्यात भरवशाची तपासणी एकच आहे: त्याच कॅमेऱ्याने काढलेला एक जुना फोटो मागायचा, मूळ फाइलच्या रूपात. जमलं तर वर्षभरापूर्वीचा. ज्याच्याकडे वस्तू खरोखर होती, त्याच्या संगणकात, हार्ड डिस्कमध्ये, क्लाउडवर त्या कॅमेऱ्याचे शेकडो फोटो पडलेले असतात. चोराकडे कॅमेरा असतो, पण त्या कॅमेऱ्यामागची वर्षं नसतात. बिल खोटं करता येतं, गोष्ट रचता येते. त्याच बॉडीच्या आतल्या क्रमांकासह दोन वर्षांपूर्वीच्या कौटुंबिक सहलीचा फोटो तयार करणं त्यामानाने फार अवघड आहे.

हे चालतं कसं ते सांगतो, म्हणजे तुम्हाला स्वतः करता येईल. डिजिटल कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत एक्झिफ नावाची माहिती लिहितो: तारीख, वेळ, मॉडेल, शटरचा वेग, लेन्स. २०१० साली आलेल्या एक्झिफ २.३ या आवृत्तीत बॉडीचा सिरीयल नंबर, लेन्सचा सिरीयल नंबर आणि मालकाचं नाव यांच्यासाठी स्वतंत्र रकाने ठरवले गेले. त्याआधीही बऱ्याच कंपन्या हा नंबर 'मेकरनोट' या त्यांच्या खासगी भागात लिहीत होत्याच. फिल हार्वे यांचं एक्झिफटूल हे मोफत सॉफ्टवेअर हे दोन्ही भाग वाचतं. विक्रेत्याने दिलेली जुनी फाइल त्यात उघडायची, मग भेटीच्या वेळी त्याच बॉडीने स्वतः एक फोटो काढून तोही उघडायचा, आणि दोन्हीतले नंबर शेजारी शेजारी ठेवायचे.

इथे लोक दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं म्हणजे समाजमाध्यमांवर टाकलेला किंवा मेसेजिंग अ‍ॅपवरून फोटो म्हणून पाठवलेला फोटो उपयोगाचा नाही. त्या प्रवासात ही माहिती बहुतेक वेळा गाळली जाते. फाइल ईमेलने किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर पेन ड्राइव्हवर आणायला सांगा. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, मिळाली तर उत्तमच. दुसरं, सगळ्या कंपन्या नंबर सारखा लिहीत नाहीत. निकॉन आणि कॅननच्या बहुतेक बॉडींमध्ये स्टिकरवरचाच नंबर फाइलमध्ये सापडतो. सोनीच्या अनेक मॉडेलांत मात्र फाइलमध्ये एक वेगळाच अंतर्गत क्रमांक असतो, तो तळाच्या स्टिकरशी जुळत नाही. ते पाहून लोक घाबरतात आणि प्रामाणिक माणसाला चोर ठरवतात. घाबरू नका. तिथे स्टिकर सोडून द्या. जुन्या फोटोतला अंतर्गत क्रमांक आणि तुम्ही आत्ता काढलेल्या फोटोतला अंतर्गत क्रमांक एकमेकांशी जुळतात का एवढंच पाहा. जुळले तर ती फाइल याच बॉडीतून निघालेली आहे.

निकॉनच्या फाइलमध्ये शटर काउंट, म्हणजे शटर आजवर किती वेळा उघडलं तो आकडाही, सापडतो. म्हणजे जुन्या फोटोतला आकडा आजच्यापेक्षा कमी हवा, आणि मधल्या काळात तो जेवढा वाढलाय ते विक्रेत्याच्या सांगण्याशी जुळायला हवं. "दोन वर्षं कपाटात होता" म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्याचा काउंट त्या दोन वर्षांत चाळीस हजारांनी वाढलेला असेल तर पुढचं बोलणं तिथेच थांबवा. फाइलच्या नावातल्या चार आकड्यांवर मात्र विसंबू नका. ते ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीपासून येतात, आणि हाताने बदलताही येतात.

जुना फोटो नाहीच म्हणाला तर? कारण ऐकून घ्या. हार्ड डिस्क खरंच उडते. वारसाने मिळालेला कॅमेरा विकणाऱ्याला फाइली कुठे आहेत ते खरंच माहीत नसतं. पण हौसेने घेतलेल्या कॅमेऱ्याचा एकही फोटो, कुठेही, कोणाकडेही नाही, हे पटणं कठीण आहे.

सिरीयल नंबर बॉडीवर कुठे असतो ते आधी माहीत करून घ्या. बहुतेक डीएसएलआरच्या तळाला असतो, नव्या बऱ्याच मिररलेस (आतला आरसा नसलेल्या) बॉडींमध्ये फिरत्या स्क्रीनच्या मागे. लेन्सवर माउंटजवळ (जिथे ती बॉडीला जोडली जाते तिथे) किंवा नळीच्या खालच्या अंगाला. नंबर खरवडलेला, घासलेला किंवा स्टिकरच काढून टाकलेला असेल तर मी ती वस्तू घेत नाही, कितीही चांगलं कारण सांगितलं तरी. वापरून स्टिकरची शाई फिकी पडते, कडा उचलल्या जातात, हे नैसर्गिक आहे. सुरीने किंवा सँडपेपरने काढलेला नंबर वेगळा दिसतो, तो ओळखायला तज्ज्ञ लागत नाही.

स्टिकर आणि फाइल यांतले नंबर वेगळे निघाले तर मात्र घाई करू नका. दुरुस्तीत तळाचं कव्हर किंवा मुख्य बोर्ड बदलला की नंबर विसंगत होऊ शकतात. अशा दुरुस्तीची पावती असते, आणि ज्याने मोठा खर्च करून बोर्ड बदलून घेतला त्याला ती दुरुस्ती कुठे, कधी केली हे पक्कं आठवतं. आणखी एक: जाहिरातीत नंबर झाकला म्हणून कोणाला दोष देऊ नका. तो नंबर उचलून कोणी खोटी जाहिरात करेल अशी भीती प्रामाणिक माणसालाही असते. प्रत्यक्ष भेटीत दाखवायला नकार दिला, तर ती वेगळी गोष्ट.

कॅमेरा चालू करून मेनूत शिरा. इथे मला सगळ्यात जास्त सापडतं, कारण पुसणाऱ्याला काय काय पुसायचं हे माहीत नसतं. कॅनन आणि निकॉनच्या मेनूत कॉपीराइटची माहिती भरायची सोय असते, आणि कामाचे फोटोग्राफर तिथे आपलं नाव भरून ठेवतात. कॅननच्या अनेक बॉडींमध्ये सगळ्या सेटिंग मूळ स्थितीला नेल्या तरी ही माहिती तशीच राहते, ती वेगळी पुसावी लागते. एलपी-ई६ ही बॅटरी वापरणाऱ्या कॅननच्या ईओएस मालिकेतल्या कित्येक बॉडी बॅटऱ्यांचीही नोंद ठेवतात, सहा बॅटऱ्यांपर्यंत, त्यांच्या क्रमांकासकट. मेनूत चार बॅटऱ्या नोंदवलेल्या आणि विक्रेत्याकडे एकच, तीही त्या यादीत नसलेली, असं दिसलं तर विचारायलाच हवं की बाकीच्या कुठे गेल्या. जतन केलेल्या वायफायची नावं, जोडलेल्या फोनचं नाव, स्वतःसाठी रचलेला मेनू, चाकावरच्या सी१-सी२ या खास खुणांवर बसवलेल्या स्वतःच्या सेटिंग, मेनूची भाषा, घड्याळाचा टाइम झोन, हे सगळं आधीच्या हातांबद्दल बोलतं. "कधी मॅन्युअल मोड वापरला नाही" म्हणणाऱ्याच्या कॅमेऱ्यात फोकस शटरच्या बटणाऐवजी मागच्या बटणावर बसवलेला असेल (ही मुरलेल्या फोटोग्राफरची सवय) तर तो कॅमेरा दुसऱ्या कोणी वापरलेला आहे.

मेनूत दुसऱ्याचं नाव सापडलं म्हणजे चोर पकडला असं नाही. विक्रेता स्वतः दुसरा मालक असू शकतो. सरळ विचारा: "इथे अमुक नाव आहे, तुम्ही त्यांच्याकडून घेतला का?" ज्याने विकत घेतला असेल त्याला ते नाव ओळखीचं असतं, त्या व्यवहाराचा मेसेज किंवा पैसे पाठवल्याची नोंदही बहुधा सापडते. नाव ऐकून गोंधळणाऱ्याने मात्र ती वस्तू कुठून आणली ते स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चोरी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर खिसेकापू येतो. माझ्यापुढे आलेल्या वाईट व्यवहारांत त्यापेक्षा जास्त वेळा भाड्याचा माल निघाला आहे: खोट्या ओळखपत्रावर भाड्याने घेतलेला आणि परत न केलेला. तो अगदी नीट जपलेला असतो, विकणारा सफाईदार बोलतो, कधी बॉक्सही असतो. अशा बॉडीवर बारकोडच्या स्टिकरचा चिकट चौकोन, कोरलेला छोटा आकडा, रंगाचा ठिपका किंवा लेन्स हूडच्या आत चिकटपट्टीची खूण शोधा. संस्थेचा, कंपनीचा, महाविद्यालयाचा कॅमेरा कर्मचाऱ्याने परस्पर विकल्याचेही प्रकार असतात. तिथे विक्रेता वस्तूबद्दल सगळं अचूक सांगतो, जुने फोटोही दाखवतो, कारण त्याने ती खरंच वापरलेली असते. माझी आवडती तपासणी इथे अपुरी पडते. इथे बिल कोणाच्या नावावर आहे हेच पाहावं लागतं. हप्ते बाकी असलेल्या मालाचंही तेच. आणि विमा कंपनीने चोरीचे पैसे दिलेले असतील तर पुढे सापडलेल्या त्या कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा तिचा हक्क लागतो, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते.

सिरीयल नंबर इंटरनेटवर शोधून पाहा. अनेकजण चोरी झाल्यावर नंबरासह मदतीचं आवाहन टाकतात. फोटोंमधल्या एक्झिफवरून नंबर शोधणाऱ्या सेवाही निघाल्या आहेत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा. काही ठिकाणी नंबर चोरीचा म्हणून नोंदलेला आहे का एवढं सांगतात, काही ठिकाणी काहीच सांगत नाहीत. पण फोनला जसा आयएमईआय असतो आणि त्यावरून नेटवर्क बंद करता येतं, तशी सोय साध्या कॅमेऱ्याला नाही, आणि जगभरच्या चोरीच्या कॅमेऱ्यांची एकच पूर्ण यादीही नाही. शोधात काही सापडलं नाही तर त्याचा अर्थ फक्त सापडलं नाही एवढाच घ्या. तसंच, कंपनीच्या स्थानिक नोंदीत नंबर नाही म्हणून चोरी ठरत नाही. दुसऱ्या देशातून आणलेला माल स्थानिक वॉरंटीत नसतो, पण तो चोरीचा नसतो.

माणसाशी बोलताना उलटतपासणी करू नका, गप्पा मारा. यावर काय काय काढलंत, कुठली लेन्स जास्त लावलीत, कशाचा त्रास झाला? प्रत्येक बॉडीत काहीतरी खोड असते आणि मालकाला ती माहीत असते: हे चाक कधी कधी दोन घरं उडी मारतं, त्या कार्डाच्या झाकणाला जोर लावावा लागतो. मालक हे न विचारता सांगतो. कॅमेऱ्याबद्दल काहीच न सांगता येणारे दोन प्रकारचे लोक माझ्याकडे येतात, चोरीचा माल विकणारे आणि गेलेल्या माणसाचं सामान विकणारे. त्यांना एका मापाने मोजणं क्रूरपणाचं आहे. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला कॅमेऱ्याबद्दल सांगता येत नसलं तरी तो ज्याचा होता त्याच्याबद्दल भरभरून सांगता येतं, त्याने काढलेले फोटो भिंतीवर असतात, आणि घाई नसते. अशा ठिकाणी खरा भाव तुम्हीच सांगा. माहिती नसलेल्या माणसाकडून मातीमोल भावात घेणं कायद्याने चोरी नसेल, पण मला ते जमत नाही.

भेटीची जागा आणि पैसे देण्याची पद्धत या दोन्हींतून बरंच कळतं. सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या दुकानात भेटू म्हणा. पैसे बँकेतून देईन म्हणा. एका कागदावर दोघांची नावं, ओळखपत्राचा क्रमांक, बॉडी आणि लेन्सचे सिरीयल नंबर, रक्कम, तारीख आणि "ही वस्तू माझ्या मालकीची आहे" अशी ओळ लिहून सह्या करू म्हणा. प्रामाणिक विक्रेता फार तर कंटाळा करेल. ज्याला रोखच हवेत, आजच हवेत, रस्त्यातच भेटायचंय आणि कागदावर नाव नकोय, त्याने तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिलेलंच असतं.

कागद करण्याने चोरीचा माल तुमचा होत नाही, हे लक्षात असू द्या. बहुतेक देशांच्या कायद्यात चोराला स्वतःकडे नसलेली मालकी दुसऱ्याला देता येत नाही, अपवाद देशागणिक वेगळे आहेत. मूळ मालक सापडला तर कॅमेरा जातो आणि पैसे त्या विक्रेत्याकडून वसूल करत बसावं लागतं. चोरीचा आहे हे माहीत असून घेणं तर जवळजवळ सगळीकडेच गुन्हा आहे, आणि "माहीत नव्हतं" हे म्हणणं तपासताना भाव किती कमी होता हेही पाहिलं जाऊ शकतं. कागद, बँकेची नोंद आणि जुन्या फोटोची फाइल जपून ठेवलीत तर तुम्ही चौकशी करून घेतला होता एवढं तरी दाखवता येतं.

तर तुमच्या या सौद्याबद्दल माझं मत: विक्रेता वापरतच नाही म्हणतो, म्हणून इथे जुन्या फोटोवर अडून राहता येत नाही. पण भेट देणाऱ्याकडून बिल किंवा किमान त्याच्याशी एक फोन, आणि मेनूची नीट तपासणी, या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय घेऊ नका. त्या झाल्या आणि जुळल्या तर भाव कमी आहे म्हणून नाकारण्याचं कारण नाही. विक्रेता टाळाटाळ करू लागला तर सोडून द्या.

सोडताना तोंडावर आरोप करू नका, आणि मालकाला परत द्यावा या भावनेने स्वतः पैसे मोजून "सोडवून"ही आणू नका. त्यात तुम्हीच अडकाल. जाहिरातीचे स्क्रीनशॉट घ्या, नंबर मिळाला असेल तर टिपून ठेवा, आणि ते पोलिसांना द्या. मेनूत सापडलेल्या नावाचा माणूस शोधून काढलात तर त्यालाही हा नंबर त्याचाच आहे का एवढं विचारा, विक्रेत्याचा पत्ता देऊन त्याला एकट्याने तिथे पाठवू नका. तो पोलिसांबरोबर गेलेला बरा.

ज्यांनी असा कॅमेरा आधीच घेतलाय आणि आता शंका येते आहे, त्यांनी सोबत आलेलं कार्ड फॉरमॅट करू नये आणि त्यावर नवे फोटोही काढू नयेत. साध्या फॉरमॅटमध्ये फोटो लगेच नाहीसे होत नाहीत, ते परत काढता येतात, पण त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की जातात. त्या कार्डावर कोणाच्या तरी कामाचे, कोणाच्या तरी घरातले फोटो असू शकतात. ते चाळत बसू नका. कार्ड, कॅमेरा आणि तुमच्याकडची सगळी नोंद घेऊन पोलिसांकडे जा, आणि तोवर तो कॅमेरा दुसऱ्या कोणाला विकू नका.